शब्द तिचे, सही त्याची

इतिहासातील माणसांना पुरण्याचे दोन मार्ग आहेत. एक शिव्यांचा आणि दुसरा हारतुऱ्यांचा. शिव्यांखाली पुरलेले माणूस कधी ना कधी उकरून काढता येते. हारतुऱ्यांखाली पुरलेल्याला बाहेर काढणे अधिक अवघड, कारण त्याच्यावर स्मारक उभे असते. फ्रेंच राज्यक्रांतीतील मादाम रोलाँ हिच्या वाट्याला हे दोन्ही मार्ग आले. ८ नोव्हेंबर १७९३ रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली तिचा शिरच्छेद झाला. मरताना तिने स्वातंत्र्याच्या नावाने होणाऱ्या गुन्ह्यांबद्दल उच्चारले असे सांगितले जाणारे एक वाक्य तेव्हापासून सभासंमेलनांत टाळ्या मिळवीत आले आहे. क्रांती म्हणजे निव्वळ रक्तपात, असे ज्यांना सिद्ध करावयाचे असते त्यांना ते वाक्य फार सोयीचे वाटते. उलट डाव्या परंपरेतील अनेकांनी ‘जिराँदिनांची यजमानीण’ एवढ्या दोन शब्दांत तिला निकालात काढले आणि पुढचे पान उलटले.

या दोन्ही पक्षांनी एक प्रश्न विचारावयाचे टाळले आहे. जिच्याजवळ मंत्र्याची बुद्धी, संपादकाची लेखणी आणि पक्षचालकाची हिकमत होती, तिला राजकारण करण्यासाठी दिवाणखान्याखेरीज दुसरी जागा का मिळाली नाही? आणि ज्या क्रांतीने ती जागा दिली नाही, त्या क्रांतीला दिवाणखान्यातल्या राजकारणाचा जाब तिला एकटीला विचारण्याचा नैतिक अधिकार होता काय? प्रस्तुत लेखाचा रोख या प्रश्नावर आहे. मादाम रोलाँचे राजकारण चुकीचे होते की बरोबर, हा वेगळा मुद्दा आहे. ते अनेक बाबतींत चुकीचे होते, असेच आमचे मत आहे, आणि ते पुढे स्पष्टपणे मांडले आहे. परंतु एखाद्या व्यक्तीची राजकीय चूक आणि तिच्यावर झालेला अन्याय या दोन गोष्टी एकमेकींना फेडून टाकीत नाहीत. हिशेबाच्या वहीत दोन्ही रकमा स्वतंत्रपणे मांडाव्या लागतात.

मानों फ्लिपों हे तिचे माहेरचे नाव. १७ मार्च १७५४ रोजी पॅरिसमध्ये तिचा जन्म झाला. बाप धातूवर कोरीवकाम करणारा कारागीर. सेन नदीच्या काठी, पाँ-नफ पुलाच्या परिसरात त्याचे कारखानावजा घर. सात अपत्यांपैकी ही एकटीच जगली. आठनऊ वर्षांची असतानाच तिने प्लुटार्क वाचला, आणि चर्चमध्ये प्रार्थनापुस्तकाऐवजी तोच ग्रंथ ती घेऊन जात असे. एका सरदारी वाड्यात भेटीला गेले असता तिला नोकरांच्या पंगतीत जेवावयास बसविण्यात आले, ही आठवण तिने अखेरच्या दिवसांत तुरुंगात बसून लिहून ठेवली आहे. तीस वर्षांनंतरही न बुजलेली ही जखम कारागीरवर्गाच्या मनातली सार्वत्रिक जखम होती. १७८९ चा स्फोट ज्या दारूगोळ्याने झाला त्यातला बराचसा अशा अपमानांचा होता.

तथापि तिच्या चरित्राला सोवळे नेसवण्याचे कारण नाही. १७८० मध्ये तिचे लग्न झाले. नवरा ज्याँ-मारी रोलाँ वीस वर्षांनी मोठा, सरकारच्या उद्योगखात्यातील निरीक्षक, कष्टाळू, प्रामाणिक आणि रुक्ष. १७८४ मध्ये या नवऱ्यास सरदारकीची सनद मिळावी म्हणून हिने पॅरिसच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. सनद मिळाली नाही; लियाँला बदली तेवढी मिळाली. ज्या व्यवस्थेने आपल्याला नोकरांच्या पंगतीत बसविले, त्याच व्यवस्थेच्या वरच्या पंगतीत पाट मिळावा, ही त्या काळच्या मध्यमवर्गाची धडपड होती, आणि मानों रोलाँ तिला अपवाद नव्हती. पाच वर्षांनी ती पंगतच उधळली गेली तेव्हा तिने मनापासून आनंद मानला हेही तितकेच खरे.

आता ‘शब्द’ आणि ‘सही’ यांची गोष्ट पाहू. नवरा उद्योगधंदे आणि कारागिरी यांवरील एका मोठ्या विश्वकोशासाठी लेख लिहीत असे. त्या लेखांची टिपणे काढणे, मजकूर सुधारणे, पुष्कळदा तो नव्याने लिहिणे हे काम बायकोचे; मुखपृष्ठावरचे नाव नवऱ्याचे. १७८९ नंतर तिने मित्रांना लिहिलेली जळजळीत पत्रे ब्रिसोच्या ‘पात्रिओत फ्राँसे’ या पत्रात छापली गेली, तीही निनावी. १७९० च्या मे महिन्यात लियाँला झालेल्या संघमेळाव्याचे वर्णन तिने एका स्थानिक पत्रासाठी लिहिले, तेही निनावी. स्त्रीने लेखिका म्हणून नाव मिरवणे म्हणजे हसे करून घेणे, असे तिचे स्वतःचेही मत होते. रूसोच्या ग्रंथांवर वाढलेली ही स्त्री! घर हेच स्त्रीचे राज्य, ही रूसोची शिकवण तिने शिरोधार्य मानली आणि नंतर प्रत्येक दिवशी ती मोडली. ज्या कैद्याच्या पायांत बेडी असते आणि डोक्यात ती बेडी म्हणजे दागिना असल्याचा समज भरलेला असतो, त्याची अवस्था याहून निराळी काय असणार?

फेब्रुवारी १७९१ मध्ये लियाँ नगरपालिकेचे कर्ज राष्ट्रीय तिजोरीने उचलावे ही मागणी घेऊन रोलाँ पॅरिसला आला. रस्ता गेनेगो, हॉटेल ब्रितानिक. या बिऱ्हाडात आठवड्यातून चार वेळा संध्याकाळी बैठक भरू लागली. ब्रिसो, पेत्यों, ब्यूझो आणि आरंभीच्या काळात रोब्सपिअरदेखील तेथे येत. राष्ट्रसभेचे कामकाज संपले की ही मंडळी इकडे वळत. या बैठकीत यजमानीण काय करीत असे? पुरुषांच्या वर्तुळाबाहेर, खिडकीजवळच्या एका लहानशा मेजाशी बसून ती विणकाम करी किंवा पत्रे लिही. चर्चा कानांवर पडत असे, मनात उत्तरे तयार होत. परंतु बोलावयाचे नाही म्हणून ती ओठ चावून गप्प राही. हे तिचेच कथन आहे. राजेशाहीतल्या सरदारणींच्या दिवाणखान्यांत निदान यजमानीण बोलत तरी असे. मानवी हक्कांचा जाहीरनामा निघून दीड वर्ष उलटल्यावर, नव्या युगाच्या शिल्पकारांच्या बैठकीत, त्या घरातली बहुधा सर्वांत तल्लख व्यक्ती विणकाम करीत बसली होती.

याच मोसमात, १४ जून १७९१ रोजी, राष्ट्रसभेने ल शापलिए याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. एकाच धंद्यातील कामगारांनी एकत्र जमणे, संघटना करणे, मजुरीसाठी ठराव करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. पॅरिसच्या सुतारांनी मजुरीवाढीसाठी चालविलेली चळवळ हे त्याचे निमित्त. सभागृहात डाव्या बाजूला बसणाऱ्यांपैकीही कोणी त्याला अडविण्यासाठी उभे राहिले नाही. त्याच सुमारास मतदानाचा हक्क तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांपुरता मर्यादित होता. बाकीचे सारे ‘निष्क्रिय’ नागरिक, आणि स्त्रिया तर त्या गणतीतही नव्हत्या. रस्ता गेनेगोवरील दिवाणखान्यात आठवड्यातून चारदा जमणे म्हणजे देशसेवा, आणि सुतारांनी महिन्यातून एकदा जमणे म्हणजे गुन्हा, अशी ही समता होती. दिवाणखान्याचे राजकारण म्हणजे काय हे समजून घ्यावयाचे असेल तर ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ज्यांना दार उघडे आहे ते आत बसून राष्ट्राचे भवितव्य ठरवितात. ज्यांना दार बंद आहे त्यांच्या जमण्यालाच कायद्याची बंदी असते. मादाम रोलाँ या दाराच्या आत होती. आणि आत असूनही तिची खुर्ची वर्तुळाबाहेर होती. तिचे सारे चरित्र या दुहेरी स्थानात सामावलेले आहे.

२३ मार्च १७९२ रोजी रोलाँ गृहमंत्री झाला. मंत्र्याच्या निवासस्थानी आठवड्यातून दोनदा भोजने होऊ लागली. एकच वाढप, साधा बेत, निमंत्रण फक्त पुरुषांना. मंत्र्याची परिपत्रके, खलिते, जाहीर निवेदने यांतील महत्त्वाचा मजकूर बायकोच्या लेखणीतून उतरू लागला. त्यांतील सर्वांत गाजलेला खलिता १० जून १७९२ चा. शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंविरुद्धचा ठराव आणि पॅरिसजवळ वीस हजार स्वयंसैनिकांची छावणी उभारण्याचा ठराव यांना राजाने मंजुरी दिलेली नव्हती. सोळाव्या लुईला त्या पत्राने बजावले की ठराव मान्य करा, नाहीतर क्रांती रक्ताने पुरी होईल. तीन दिवसांत राजाने मंत्र्याला बडतर्फ केले. विधिमंडळाने ते पत्र छापून त्र्याऐंशीही विभागांत पाठविण्याचा हुकूम केला. दोन महिन्यांनी, १० ऑगस्टला, राजेशाही कोसळली. सिंहासनाच्या पायावर पडलेल्या घावांपैकी एक घाव या पत्राचा होता. सही अर्थातच ज्याँ-मारी रोलाँ याची.

हे गुपित कोणाला ठाऊक नव्हते? सर्वांना ठाऊक होते. राजेशाही पडल्यावर रोलाँ पुन्हा मंत्री झाला. सप्टेंबर १७९२ मध्ये निवडून आलेल्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे नव्या राष्ट्रसभेत, त्याने मंत्रिपदावर राहावे अशी विनंती करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २९ सप्टेंबरला दांताँने टोला हाणला की विनंती करावयाचीच तर ती मादाम रोलाँलाही करा, कारण या खात्यात रोलाँ एकटा नव्हता हे जगजाहीर आहे. सभागृह हसले असेल. परंतु त्या विनोदात एक गंभीर घटनात्मक तक्रार होती, आणि ती रास्त होती. जो निर्णय घेतो तो लोकांना जबाबदार असला पाहिजे. पडद्याआडून चालणारा कारभार, मग तो राणीचा असो की मंत्रिपत्नीचा, लोकशाहीत बसत नाही. प्रश्न एवढाच की या तक्रारीवर उपाय काय? पडद्यामागच्या स्त्रीला पडद्यापुढे आणणे, की तिला स्वयंपाकघरात परत पाठविणे? दांताँच्या टोल्यात पहिल्या उपायाचा विचारही नव्हता. त्याला मंत्र्याची फजिती करावयाची होती, आणि पुरुषाची फजिती करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्या बायकोचे नाव घेणे.

आता तिच्या राजकारणाच्या दोषांकडे वळू. पहिला दोष भाकरीचा. १७९२ च्या शरद ऋतूत धान्याच्या किमती भडकल्या होत्या. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, व्यापाऱ्यांना मोकळीक दिली की बाजार आपोआप सावरेल, हे गृहमंत्री रोलाँचे ठाम धोरण होते. डिसेंबर १७९२ मध्ये कन्व्हेन्शनने त्यावर शिक्कामोर्तबही केले. रिकाम्या पोटाला बाजाराच्या नियमांचे पुराण सांगणारे हे धोरण पॅरिसच्या गरिबांनी कधीही क्षमा केले नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. धान्याच्या कमाल दरांचा पहिला कायदा ४ मे १७९३ रोजी झाला, तो जिराँदिनांचा विरोध मोडून. दुसरा दोष युद्धाचा. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारण्यासाठी ब्रिसो आणि त्याच्या मित्रांनी आकाशपाताळ एक केले. त्या युद्धाने भाकरी महाग केली, संशय स्वस्त केला आणि अखेर त्यांनाच गिळले. तिसरा दोष सप्टेंबरचा. २ सप्टेंबर १७९२ पासून पाच दिवस पॅरिसच्या तुरुंगांत हजाराहून अधिक कैद्यांची कत्तल झाली. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री रोलाँने विधिमंडळाला कळविले की झाल्या प्रकारावर कदाचित पडदाच टाकावा लागेल. मादाम रोलाँने त्या आठवड्यातल्या खाजगी पत्रांत भीती आणि शिसारी व्यक्त केली हे खरे. परंतु जो पडदा प्रथम टाकण्याची भाषा झाली, तोच पुढे पॅरिस आणि दांताँ यांच्याविरुद्ध राजकीय हत्यार म्हणून उचलण्यात आला. जनमत घडविण्यासाठी मंजूर झालेला एक लाख लिव्रचा निधी याच दिवाणखान्याच्या मर्जीतील पत्रांवर खर्च होऊ लागला. सरकारी पैशाने पक्षाचा प्रचार करणे याला शुद्ध भाषेत जे म्हणतात तेच हे होते.

या साऱ्याचे मूळ एकच होते. बंद खोलीत ज्यांच्याशी बोलणे होते तेच ‘राष्ट्र’ वाटू लागतात. रस्ता, बाजार, सार्वजनिक विभागसभा यांचा आवाज भिंतीपलीकडून येतो आणि तो गोंगाट वाटतो. प्लुटार्कच्या थोर पुरुषांवर प्रेम करणाऱ्या या कारागिराच्या मुलीला आपल्याच गल्लीतला कारागीर परका वाटू लागला, ही तिच्या जीवनातील खरी शोकांतिका आहे. ७ डिसेंबर १७९२ रोजी देशत्यागी सरदारांशी पत्रव्यवहाराच्या खोट्या आरोपाचे उत्तर देण्यासाठी तिला कन्व्हेन्शनपुढे बोलाविण्यात आले. तिने शांतपणे उत्तरे दिली, आरोप फोल ठरला, सदस्यांनी टाळ्यांचा गजर केला. पण प्रेक्षकांच्या सज्जातली जनता गप्प बसली, याकडे मारा याने तेथल्या तेथे बोट दाखविले. ती शांतता बोलकी होती. तरीही त्या दिवसाची दुसरी बाजू विसरता येत नाही: राष्ट्राच्या सभागृहात या स्त्रीला स्वतःच्या नावाने तोंड उघडण्याची संधी मिळाली, ती आरोपाला उत्तर देण्यापुरती.

येथे काही मित्र म्हणतील की, तिने स्वतः स्त्रियांच्या हक्कांची मागणी कुठे केली? आपल्या जेवणावळींना तिने एकाही स्त्रीला बोलाविले नाही. मग तिच्यासाठी आज स्त्रीहक्कांचे वकीलपत्र कशाला? आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. काँदोर्सेने स्त्रियांना नागरिकत्व द्यावे असा लेख जुलै १७९० मध्ये लिहिला. ऑलँप द गूज हिने सप्टेंबर १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. मादाम रोलाँने यांपैकी कशाच्याही मागे आपले बळ उभे केले नाही. परंतु हक्क मागितला नाही म्हणून तो नव्हताच, हा न्याय कोणत्या समाजवादाचा? मजुराने संघटनेचा हक्क मागितला नाही, तो मालकाला मायबाप म्हणत राहिला, म्हणून त्याचे शोषण झाले नाही असे आपण कधी म्हणतो काय? शोषिताच्या तोंडून शोषकाची भाषा बोलली जाणे, हाच तर शोषणाचा सर्वांत मुरलेला पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, सीमेवर शत्रू होता, वाँदेमध्ये बंड पेटले होते, शहरांत धान्य नव्हते. अशा वेळी क्रांती वाचविणे हे पहिले काम होते, स्त्रियांचा प्रश्न नंतरचा. हा युक्तिवाद १७९३ मध्येच संपला असता तर त्याचा समाचार घेण्याचे कारण नव्हते. पण त्यानंतरच्या प्रत्येक क्रांतीत, प्रत्येक स्वातंत्र्यलढ्यात आणि प्रत्येक कामगार संघटनेत तो पुन्हा पुन्हा ऐकू आला आहे. म्हणून १७९३ च्या शरद ऋतूत नेमके काय घडले ते तारखांनिशी पाहिले पाहिजे.

मे १७९३ मध्ये पोलीन लेओं आणि क्लेर लाकोंब यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये क्रांतिकारक प्रजासत्ताकवादी स्त्रियांची संघटना स्थापन झाली. या दिवाणखान्यातल्या स्त्रिया नव्हत्या. भाकरीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या, साठेबाजांना शासन करा आणि दर बांधून द्या म्हणणाऱ्या या स्त्रिया होत्या. जिराँदिनांना पाडण्यात त्यांचा वाटा होता. कन्व्हेन्शनच्या दारांवर त्यांनी पहारे दिले होते. ३१ मेच्या संध्याकाळी मादाम रोलाँ नवऱ्याच्या बाजूचे पत्र वाचून दाखविता यावे म्हणून कन्व्हेन्शनच्या दारी तिष्ठत राहिली आणि त्याच रात्री पकडली गेली. वर्गदृष्ट्या या दोन टोकांच्या स्त्रिया. एकीचा पराभव तो दुसऱ्यांचा विजय. परंतु पाच महिनेही लोटले नाहीत तोच, ३० ऑक्टोबर १७९३ रोजी, आमार याच्या अहवालावरून कन्व्हेन्शनने स्त्रियांच्या सर्व राजकीय मंडळांवर बंदी घातली. कारण काय दिले? स्त्रीच्या अंगी राज्यकारभाराला लागणारे शारीरिक व नैतिक बळ नसते, निसर्गाने तिला घरासाठी घडविले आहे. युद्ध नाही, वाँदे नाही, धान्य नाही, कारण निसर्गाचे. ३ नोव्हेंबरला ऑलँप द गूजला गिलोटिनवर चढविले. ८ नोव्हेंबरला, मंडळांवरील बंदीनंतर नवव्या दिवशी, मादाम रोलाँला.

आणि मग या प्रेतांचा उपयोग काय करण्यात आला पाहा. त्याच महिन्यात ‘मोनितर’ या पत्राने मारी आंत्वानेत, ऑलँप द गूज आणि मादाम रोलाँ यांची नावे एका ओळीत मांडून स्त्रियांना धडा दिला. मादाम रोलाँ आई होती, पण स्वतःच्या पायरीपेक्षा वर चढण्याच्या हव्यासापायी तिने निसर्गाचा बळी दिला, विदुषी होण्याच्या नादात स्त्रीधर्म विसरली, असा तो धडा होता. पॅरिस कम्यूनच्या सभेत तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांना शोमेतने याच दोन मृत स्त्रियांची उदाहरणे देऊन घरी जावयास सांगितले. म्हणजे राणी राजद्रोही, गूज आगलावी, रोलाँ गटबाज हे तिन्ही आरोप बाजूला राहिले आणि तिघींचा समान गुन्हा ठरला तो एकच: त्यांनी आपली जागा सोडली. जिराँदिन स्त्रीचे मस्तक दाखवून साँ-क्यूलॉत स्त्रीला गप्प करण्यात आले. एप्रिल १७९४ मध्ये लेओं आणि लाकोंब या दोघीही तुरुंगात होत्या. ज्यांना वाटत होते की दिवाणखान्यातली बाई गेली म्हणजे रस्त्यावरच्या बाईला जागा मिळेल, त्यांच्यासाठी हा इतिहासाने दिलेला धडा आहे. दिवाणखान्याचे दार बंद झाले आणि पाठोपाठ रस्त्याचेही. क्रांती वाचली म्हणावे तर तीही वाचली नाही. १८०४ मध्ये नेपोलियनच्या संहितेने बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असे कायद्यात लिहिले, आणि फ्रेंच स्त्रीला मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले. ‘नंतर’ या शब्दाची लांबी दीडशे वर्षे भरली.

अटकेनंतरचे पाच महिने मादाम रोलाँने आबेई आणि सेंत-पेलाजी येथील तुरुंगांत काढले. मधे २४ जूनला सुटकेचा देखावा झाला. घराच्या जिन्यापर्यंत पोचते तोच तिला पुन्हा पकडण्यात आले. या पाच महिन्यांत तिने आपल्या आठवणी लिहिल्या. भीतीपोटी काही कागद जाळले गेले. उरलेले बोस्क या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने मोंमोरांसीच्या रानात लपवून जतन केले आणि १७९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आयुष्यभर नवऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्या स्त्रीने ‘मी’ हा शब्द राजकीय अर्थाने प्रथम कोठडीत लिहिला. मंत्र्याची पत्रे मीच लिहीत होते, हे तिने तेथे मोकळेपणाने सांगितले. नवऱ्यानेही, तिचा शिरच्छेद झाल्याचे समजताच, रूआँजवळच्या रस्त्यावर स्वतःला संपविले. वय वर्षे एकोणचाळीस, हाती सही करण्याचा अधिकार नाही, आणि शिक्षा मात्र सही करणाऱ्याइतकीच. अधिकार देताना स्त्री ही नवऱ्याची सावली, मस्तक उतरविताना मात्र ती स्वतंत्र व्यक्ती! ऑलँप द गूजने आपल्या जाहीरनाम्यात हाच मुद्दा मांडला होता की स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. रोलाँच्या वर्तुळात ऊठबस असलेला, जिराँदिनांशी मैत्री ठेवणारा आणि त्यांच्या पाडावानंतर स्वतः तुरुंगात गेलेला एक परदेशी सदस्य कन्व्हेन्शनमध्ये होता: टॉमस पेन. त्याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुले यांच्या हाती पडला. ज्या ग्रंथकाराच्या शेजारी बसून फ्रान्सच्या विद्वान प्रतिनिधींना स्त्री ही माणूस आहे हा निष्कर्ष काढता आला नाही, त्याचे पुस्तक वाचून माळ्याच्या मुलाने तो काढला. १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या, स्वतःच्या नावाने आणि लोकांच्या शेणमातीला तोंड देत. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले तेव्हा टीकेचे मोहोळ उठले. फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. हक्कांचे तत्त्व सार्वत्रिक असेल तर ते घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही, ही साधी गोष्ट समजण्यासाठी दिवाणखाना लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि तरीही आपण पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली; महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. अनेक गावांत स्त्रियांनी त्या खुर्चीचे सोने केले आहे. परंतु ‘सरपंचपती’ हा शब्दही याच काळात मराठीत रूढ झाला. पॅरिसमध्ये मजकूर बायकोचा आणि सही नवऱ्याची होती. आपल्याकडे कित्येक ग्रामपंचायतींत सही बायकोची आणि मजकूर नवऱ्याचा आहे. उलटापालट झाली, पण शब्द आणि सही यांची ताटातूट कायमच आहे. आणि या ताटातुटीत जबाबदारी नेहमी तिच्या वाट्याला येते, अधिकार त्याच्या.

म्हणून ‘प्रत्येक थोर पुरुषाच्या मागे एक स्त्री असते’ हे गुळगुळीत सुभाषित समाजवाद्यांनी तरी सोडून द्यावे. त्यात स्त्रीचा गौरव नाही. तिला मागे ठेवण्याची ती सोय आहे. मादाम रोलाँला थोर हुतात्मा म्हणून पूजू नये आणि कारस्थानी यजमानीण म्हणून झिडकारूही नये. तिच्या धान्यधोरणाचा विरोध करावा, तिच्या गटाच्या युद्धखोरीचा निषेध करावा, सरकारी निधीच्या वापराबद्दल तिला जाब विचारावा. जसा तो ब्रिसोला विचारू, दांताँला विचारू, रोब्सपिअरला विचारू. एखाद्या स्त्रीला तिच्या राजकारणाबद्दल पुरुषाइतकाच कठोर जाब विचारणे हा तिचा खरा सन्मान होय. मात्र असा जाब विचारण्यापूर्वी तिला पुरुषाइतकीच खुर्ची, पुरुषाइतकेच मत आणि स्वतःची सही दिलेली असली पाहिजे. फ्रान्सच्या क्रांतीने जाब आधी विचारला आणि खुर्ची दीडशे वर्षांनी दिली. हा क्रम ज्या चळवळीत उलटा लागणार नाही, तीच समतेची चळवळ. बाकीच्यांनी आपल्या झेंड्यावर कोणताही रंग लावावा, त्यांच्या वर्तुळाबाहेर, खिडकीपाशी, कोणीतरी ओठ चावीत गप्प बसलेलेच असणार.